वाचकांचे प्रश्न: तोंडातला काळा डाग, लेझरनं उडवायचा का कापून काढायचा?

लग्नसराई जवळ आली की हिरड्यांचे आणि ओठांचे फोटो यायला लागतात, यंदा जरा जास्तच आलेत. फोटोवरून मी निदान करत नाही आणि कोणी करत असेल तर तुम्ही मानू नका, पण प्रश्न बरेचसे एकाच दिशेचे होते म्हणून या अंकात तेवढेच घेतलेत. गावांची नावं राहू दिलीत, माणसांची काढलीत.

प्रश्न: डॉक्टर, मी २६ वर्षांची आहे, उदगीरची. माझ्या हिरड्या लहानपणापासून काळपट आहेत, हसले की दिसतात. मे महिन्यात लग्न आहे. लातूरला एका ठिकाणी दाखवलं तर म्हणले लेझर करा, एका बैठकीत गुलाबी होतील. दुसरे डॉक्टर म्हणले लेझर कशाला, ब्लेडनं खरवडून काढू, निम्म्या पैशात होईल. कोणाचं ऐकावं? आणि खालच्या ओठाच्या आत एक तपकिरी ठिपका पण आहे, वर्षभरापासून दिसायलाय, दुखत वगैरे नाही. लेझरवाले म्हणले तो पण त्याच बैठकीत उडवून टाकू, त्याचे वेगळे पैसे नकोत.

उत्तर: ताई, तुम्ही विचारलेत ते दोन वेगळे प्रश्न आहेत, लेझरवाल्यांनी ते एकाच बिलात बसवलेत. आधी ते सुटे करू.

हिरड्या लहानपणापासून काळपट, डाव्या-उजव्या सारख्याच, दुखत नाहीत, आणि बहुतेक आईच्या नाहीतर वडिलांच्या पण तशाच असतील, तर हा आजारच नाही. कातडीत रंग देणारं जे मेलॅनिन असतं तेच हिरडीत असतं. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात पण साधारण तेवढ्याच असतात, आपल्यात त्या जास्त काम करतात एवढंच. हिरडी काळी पण घट्ट असेल आणि ब्रश करताना रक्त येत नसेल तर ती उत्तम, आणि गुलाबी असून सुजलेली, रक्त येणारी असेल तर ती खराब, हे लोकांना पटवता पटवता माझे केस पांढरे झालेत. पाहुण्यांपैकी कोणी काही बोललं म्हणून करत असाल तर करू नका. तुम्हालाच हसताना अवघडल्यासारखं होत असेल तर खुशाल करा, त्यात काही वावगं नाही.

आता लेझर का ब्लेड. दोन्हीत काम एकच आहे, हिरडीचा वरचा पातळ थर काढायचा, कारण रंग बनवणाऱ्या पेशी त्या थराच्या तळाशी बसलेल्या असतात. ब्लेडनं करताना भुलीचं इंजेक्शन देऊन १५ नंबरच्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडतात, रक्त बऱ्यापैकी येतं, ते दाबून थांबवतात आणि जखम झाकायला वर पॅक बसवतात, तो आठवडाभर ठेवावा लागतो आणि जेवताना त्याचा वैताग येतो. आपल्याकडं दवाखान्यात असतो तो बहुतेक डायोड लेझर, ८१० किंवा ९४० किंवा ९८० नॅनोमीटरचा, कारण मशीन छोटं आणि त्यातल्या त्यात स्वस्त. हा उजेड मेलॅनिनमध्ये आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो म्हणून रक्त जवळजवळ येतच नाही, डॉक्टरला स्वच्छ दिसतं आणि पॅक सहसा लागत नाही. एर्बियम नावाचा दुसरा लेझर असतो, २९४० नॅनोमीटरचा, तो पाण्यात शोषला जातो, त्यानं आजूबाजूचा भाग कमी तापतो पण थोडं रक्त येतं. मोठ्या ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेझर पण असतो.

जखम दोन्हीत एक-दोन आठवड्यात भरून येते, रंग नीट बसायला महिना-दीड महिना धरा, म्हणजे मे मधलं लग्न असेल तर एप्रिलच्या शेवटाला हात लावू नका. आणि दोन महिन्यांनी बघितलं तर लेझरवाली हिरडी कोणती आणि ब्लेडवाली कोणती हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. लेझरचा खरा फायदा त्या खुर्चीवरच्या तासाभरात आणि पुढच्या दोन-चार दिवसांत आहे. तुम्हाला रक्त बघवत नसेल किंवा पॅक नको असेल तर जास्तीचे पैसे द्या, नाहीतर ब्लेडवाले डॉक्टर तुम्हाला फसवायले नाहीत.

मशीनपेक्षा हात कोणाचा आहे ते बघा. समोरच्या दातांवरची हिरडी काही जणांची फार पातळ असते, तिथं ब्लेड खोल गेलं की हिरडी मुळाकडं सरकून दात लांब दिसायला लागतो, आणि लेझरची टीप एका जागी रेंगाळली की उष्णता खाली हाडापर्यंत जाते. हिरड्यांचे एमडीएस असतात, पेरिओडॉन्टिस्ट, त्यांच्याकडून करून घ्या. लेझर सुरू करण्याआधी तुमच्या डोळ्यांवर चष्मा चढवायलाच पाहिजे, न चढवता सुरू करायले असतील तर उठून या.

आता तो ठिपका, ज्याला लेझरवाले फुकटात उडवणार आहेत. तो उडवू देऊ नका.

ओठावरचा एकटा तपकिरी ठिपका शंभरातल्या बहुतेकांमध्ये साधा असतो, त्याला मेलॅनोटिक मॅक्यूल म्हणतात, खालच्या ओठावर जास्त दिसतो, सहसा सेंटिमीटरपेक्षा लहान राहतो, बायकांमध्ये जास्त, आणि त्याचं पुढं काही होत नाही. पण मेलॅनोमा नावाचा कॅन्सर पण कधीकधी अशाच सपाट, न दुखणाऱ्या काळ्या डागासारखा सुरू होतो. तोंडात तो फार क्वचित, बहुतेक वेळा टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर, आणि चाळिशीनंतर जास्त, म्हणजे तुमच्या वयात आणि तुमच्या जागी शक्यता अगदीच कमी आहे. तरी वर्षभरात नव्यानं आलेला, एकटाच असलेला ठिपका मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय साधा आहे असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. लेझरनं तो वाफ करून उडवला की लॅबला पाठवायला काहीच उरत नाही. उद्या तिथंच परत डाग आला तर पहिला काय होता हे कोणाला कळणार.

त्यामुळं आधी ओरल सर्जन किंवा ओरल मेडिसिनवाल्यांना दाखवा. एवढा छोटा ठिपका असेल तर जागा बधिर करून कडेला एक-दोन मिलिमीटर सोडून तो अख्खाच काढतात, दोन-तीन टाके, आणि तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला. रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो. म्हणजे तपासणी आणि इलाज एकाच वेळी. कोणी म्हणलं की आम्ही लेझरनंच कापून तुकडा काढू आणि पाठवू, तर ते चालतं, लेझर कापायला पण वापरता येतो. फक्त त्यानं तुकड्याच्या कडा भाजतात आणि पॅथॉलॉजिस्टला तिथलं नीट वाचता येत नाही, म्हणून जरा जास्त कड ठेवून काढावं लागतं. अशा छोट्या ठिपक्याला मी ब्लेडच सांगतो.

प्रश्न: माझ्या चुलत्याच्या टाळूवर काळा डाग आहे, डॉक्टर तुकडा काढून तपासायचा म्हणायलेत. घरचे सगळे नको म्हणतात, चाकू लागला की पसरतं म्हणतात. गंगाखेडजवळचं गाव आमचं.

उत्तर: भाऊ, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. तुकडा काढल्यानं कॅन्सर होत नाही, साध्या डागाचा कॅन्सर बनत नाही, आणि तपासणीमुळं तो पसरत पण नाही. लोकांना तसं वाटतं कारण आपल्याकडं माणूस बायोप्सीला पोचतो तोच फार उशिरा, मग दोन महिन्यांत तब्येत ढासळते आणि दोष त्या तुकड्यावर जातो. डागाचा आकार वाढलाय का, कड वाकडीतिकडी झालीय का, एकाच डागात काळा-तपकिरी-लालसर असे रंग आलेत का, तिथं गाठ लागते का, रक्त येतं का, यातलं एक जरी असेल तर चुलत्याला या आठवड्यातच घेऊन जा. टाळूवरचा आहे म्हणून तर जास्तच घाई करा. परभणी, लातूर, नांदेड सगळीकडं दंत महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि शासकीय कॅन्सर हॉस्पिटल पण तिथंच आहे. कॉलेजात खाजगीपेक्षा पैसे खूप कमी लागतात, वेळ मात्र जातो, सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा. आणि चुलते नाहीच म्हणले तर तो डाग लेझरनं उडवून देणारा दवाखाना शोधू नका, तसाच राहिलेला बरा, निदान कोणीतरी बघून ओळखेल तरी.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, बीड. दोन वर्षांपूर्वी हिरड्यांचं लेझर केलं, पुण्याला, भरपूर पैसे गेले. सहा-आठ महिने मस्त गुलाबी होत्या, आता परत काळ्या व्हायल्यात. डॉक्टरनी फसवलं का? सिगारेट ओढतो पण जास्त नाही.

उत्तर: फसवलं नाही, पण परत येऊ शकतं हे आधी सांगायला पाहिजे होतं. रंग बनवणाऱ्या पेशी शेजारच्या न काढलेल्या भागातून हळूहळू सरकत परत येतात, शेतातली हरळी कितीही खुरपली तरी बांधावरून आत येते तसं. ब्लेडनं केलं तरी हेच होतं. कोणाला सहा महिन्यांत येतं तर कोणाला कित्येक वर्षं येत नाही, आणि कोणत्या पद्धतीनं सगळ्यात उशिरा येतं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, त्यामुळं कोणी कायमची गॅरंटी द्यायलं तर समजून घ्या.

तुमच्या केसमध्ये सिगारेट मधे आलीय. धुरामुळं त्या पेशी जास्त मेलॅनिन बनवतात, खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीवर हे सगळ्यात आधी दिसतं, बिडीचं पण तेच. ओढणं सोडलं तर काही महिन्यांत फिकट व्हायला लागतं, कोणाला दोन-तीन वर्षं लागतात, पण फुकटात उतरतं. ओढत राहून दुसऱ्यांदा लेझर करायचं म्हणलं तर मी करणार नाही, दुसरे करतील.

प्रश्न: सासूबाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, गेली तीस-पस्तीस वर्षं. हिरड्या पूर्ण काळ्या झाल्यात, एका बाजूला गालात पांढरट चट्टा पण आहे. नवरा गुटखा खातो, त्याचं तोंड आतून काळपट-पांढुरकं झालंय आणि तिखट सहन होत नाही. दोघांचं लेझरनं साफ करता येईल का? जिंतूर.

उत्तर: ताई, इथं रंगाचा विचार डोक्यातून काढून टाका. सासूबाईंच्या काळ्या हिरड्यांची मला काळजी नाही, त्या पांढऱ्या चट्ट्याची आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायचं औषध नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्यात लालसर भाग असेल तर आणखीच, हा तपासून घ्यायचाच असतो, कारण अशातले काही पुढं कॅन्सरकडं जातात.

नवऱ्याला आरशासमोर उभं करून त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का ते बघा. जात नसतील आणि तिखटानं आग होत असेल तर बहुतेक सुपारीमुळं गालाच्या आत फायब्रोसिस व्हायलाय, आतलं मांस दोरीसारखं कडक होतं आणि तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. झालेलं पूर्ण मागं फिरत नाही, पण खाणं आज बंद केलं तर पुढं वाढायचं बरंच थांबू शकतं. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्या टपरीवर मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. नुसती सुपारी खाल्ली तरी हे होतंच, तंबाखूच पाहिजे असं नाही. रंगासाठी तिथं लेझर कोणी मारत असेल तर मारू देऊ नका, दोघांनाही एकाच दिवशी दाखवून आणा, एसटीचं भाडं तरी वाचेल.

प्रश्न: दाढेत चांदी भरली होती, पंधरा वर्षं झाली. आता तिच्याशेजारी हिरडीवर शाईचा डाग पडल्यासारखं निळं-काळं दिसतंय. वसमत.

उत्तर: काका, घाबरू नका. चांदी भरताना किंवा जुनी काढताना तिचे बारीक कण हिरडीत घुसतात आणि गोंदल्यासारखा डाग राहतो, याला अमाल्गम टॅटू म्हणतात. दाढेचा छोटा एक्स-रे काढला तर कधीकधी ते कण पांढरे ठिपके म्हणून दिसतात, दिसले तर विषय संपला, काहीच करायचं नाही. दिसले नाहीत आणि डाग वाढायला असेल तर मग तुकडा तपासावा. साधा डायोड लेझर इथं फारसा कामाचा नाही कारण धातूचे कण वरच्या थरात नसतात, खाली असतात. पुढच्या दातापाशी असून फारच दिसत असेल तर कापून काढतात आणि गरज पडली तर टाळूवरची पट्टी काढून तिथं लावतात. तुमच्या दाढेपाशी कोण बघायलंय.

प्रश्न: वडील ७० वर्षांचे, शेतकरी, खालच्या ओठावर जांभळट मऊ फोड आहे, वाटाण्याएवढा. परतूर.

उत्तर: काचेची पट्टी किंवा पारदर्शक प्लास्टिक हलकं दाबून बघा, रंग उडून परत आला तर तो बहुतेक रक्तवाहिनीचा फुगवटा आहे, उन्हात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसतो. इथं मात्र मी लेझरच्या बाजूनं आहे. रक्तानं भरलेली जागा आहे, ब्लेड लावलं तर रक्त जास्त येतं, आणि लेझरमुळं आतलं रक्त गोठून ती बसून जाते, टाके पण नाहीत. घरी टोचायचं नाही. डॉक्टरनी एकदा हातानं बघून नक्की करू द्या, आणि दाबून रंग अजिबात बदलत नसेल तर सांगितल्याप्रमाणं तपासणी आधी.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा. ओठांवर आणि गालाच्या आत काळे-तपकिरी ठिपके लहानपणापासून, शाळेत चिडवतात. पोट पण अधूनमधून खूप दुखतं, जंताचं औषध दोनदा दिलं. लेझर किती वयापासून करता येतं? अंबाजोगाई.

उत्तर: लेझरचं राहू द्या, पोटाचं सांगितलंत ते फार बरं केलंत. ओठांवर आणि तोंडात असे बरेच ठिपके आणि सोबत पोटदुखी, हे दोन्ही मिळून पॉइट्झ-येगर्स नावाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो, त्यात आतड्यात पॉलिप म्हणजे मांसाचे कोंब होतात आणि त्यामुळं आतडं आतड्यात अडकू शकतं. असेलच असं नाही. पण लेकराला बालरोगतज्ज्ञांकडं नेऊन ठिपके आणि पोट दोन्ही एकदम सांगा, वेगवेगळं सांगितलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. तसा संशय असेल तर साधारण ८ वर्षांच्या आसपास पहिली दुर्बिणीची तपासणी करतात, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. घरात आणखी कोणाला असे ठिपके आहेत का ते पण विचारून जा. पोट अचानक फुगून हिरवी उलटी झाली तर लगेच दवाखाना. ओठांवरचे ठिपके वयात आल्यावर बऱ्याचदा फिकट होतात, राहिलेच तर तेव्हा लेझर करता येईल.

प्रश्न: आईच्या हिरड्या आणि हाताच्या रेषा गेल्या सहा महिन्यांत काळ्या पडायल्यात, अशक्तपणा खूप, वजन कमी झालं, उठलं की चक्कर, आणि मीठ जास्त खावं वाटतं म्हणते. हिरड्यांना काय लावावं? कळमनुरी.

उत्तर: हिरड्यांना काही लावू नका, आईला फिजिशियनकडं घेऊन जा, आणि हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखवा. किडनीच्या वर छोट्या ग्रंथी असतात, त्यांचं काम कमी झालं की नेमकं हेच सगळं होतं, अॅडिसन्सचा आजार. आपल्याकडं जुन्या टीबीमुळं पण होतो, घरात टीबी झालेला असेल तर सांगा. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे त्या ग्रंथींचं हार्मोन, तपासतात, सोबत सोडियम आणि पोटॅशियम. गोळ्यांवर नीट राहता येतं. उलट्या, जुलाब सुरू झाले किंवा बीपी फार खाली गेलं तर वाट न बघता अॅडमिट करा, त्यात जीव जाऊ शकतो. मलेरियाच्या आणि संधिवाताच्या काही गोळ्यांनी पण टाळू काळी पडते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

प्रश्न: माझ्या मुलीच्या जिभेच्या टोकाला आणि कडेला बारीक काळे ठिपके आहेत. आजी तिला काळजिभी म्हणते, बोलली तर खरं होतं म्हणून गप्प बसवते. लेझरनं निघतील का? सेलू.

उत्तर: जिभेवर जे बारीक गोल उंचवटे असतात त्यातच मेलॅनिन जमा झालेलं असतं, सावळ्या लेकरांत आणि मोठ्यांत पण दिसतं, काहीच धोका नाही. लेझर अजिबात नको, जीभ आहे ती, चव तिथंच आहे, भाजून काय मिळवणार. रोज ब्रशनं खरवडून पण काढायचा प्रयत्न करू नका, निघत नाही आणि जीभ सोलते. आजीला म्हणावं परीक्षेच्या आधी तिच्याकडून पास होणार असं दोन-चार वेळा बोलून घ्या.